दातेरी नोझल: प्रकल्प नोंदी

१२ ऑगस्ट २०२४

विषय ठरला: जेटच्या झोताचा आवाज आणि नोझलचा, म्हणजे झोत बाहेर पडतो त्या तोंडाचा, आकार. कारण फार उदात्त नाही. आम्ही राहतो धानोरीच्या अंगाला. लोहगावहून सुखोई उठलं की शिकवणं, फोन, भांडण सगळं दहा सेकंद थांबतं. गेल्या महिन्यात सर असेच वाक्याच्या मध्येच थांबले आणि विमान गेल्यावर म्हणाले, "हा आवाज नेमका येतो कुठून?" आम्ही चौघं एकदम: "इंजिनातून." सर म्हणाले, "चूक. प्रोजेक्टचा विषय मिळाला तुम्हाला."

आठवडाभर वाचल्यावर चूक कळली. आत पंखे-टर्बाइन आवाज करतातच, पण टेकऑफचा तो गडगडाट बराचसा इंजिनाच्या मागे, मोकळ्या हवेत तयार होतो. वेगवान झोत बाहेरच्या संथ हवेवर घासतो, भोवरे उठतात, वाढतात, एकमेकांना गिळतात, आणि या घुसळणीतून आवाज निघतो. नोझलच्या तोंडापासून पाच-सहा व्यासांपर्यंत झोताचा गाभा शाबूत राहतो. तो संपतो त्या टापूत सगळ्यात जास्त गोंधळ. म्हणजे आवाज करणारी जागा नोझलच्या बाहेर आहे, आणि आपल्या हातात आहे ते फक्त नोझल.

जेम्स लाइटहिल यांनी १९५२ साली दाखवलं की आवाजाची शक्ती झोताच्या वेगाच्या आठव्या घातानुसार वाढते. वेग दुप्पट तर २४ डेसिबल जास्त. आठवा घात वहीत लिहिताना हात थोडा थबकतो. वेग १० टक्क्यांनी उतरवला की साडेतीन डेसिबलच्या वर सुटका. तेवढाच रेटा ठेवून वेग निम्मा केला तर तोंडाचं क्षेत्रफळ चौपट लागतं, तरी हिशेबात १८ डेसिबल वाचतात. प्रवासी विमानांची इंजिनं पिंपासारखी जाडजूड का होत गेली, याचं एक उत्तर इथे आहे. इंधन वाचतं हे दुसरं. लढाऊ विमानाला तेवढं जाड इंजिन पोटात घेता येत नाही, म्हणून सुखोई आमचा तास बंद पाडतं.

तेव्हा नोझलने मिळणारी सूट ही उरल्यासुरल्यातली. हे आधीच लिहून ठेवते, नंतर कोणी हुरळून जायला नको.

१९ ऑगस्ट

आकडेमोड. नोझलचं तोंड १० मिलिमीटर. वर्कशॉपमागे ५०० लिटरची टाकी आणि १० अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर आहे. मॅक ०.९ साठी, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ०.९ पट वेगासाठी, आतला दाब बाहेरच्या १.६९ पट हवा. पुणे साडेपाचशे मीटर उंचीवर, इथे हवेचा दाब साधारण ०.९४५ बार. गेज बाहेरच्यापेक्षा जास्तीचा दाबच दाखवतं, म्हणून त्यावर ०.६५ बार. पुस्तकातलं समुद्रसपाटीचं उदाहरण जसंच्या तसं उचललं असतं तर इथेच घसरलो असतो.

झोताचा वेग सेकंदाला २९० मीटर. हवा लागते सेकंदाला सुमारे २९ ग्रॅम, म्हणजे मिनिटाला दीड हजारांवर लिटर. कॉम्प्रेसरला हे झेपणारं नाही. टाकी भरायची आणि तिच्यावर भागवायचं. एका भरण्यात पावणेदोन मिनिटं.

आवाजाचं शिखर कुठे येईल तेही काढलं. वारंवारता गुणिले व्यास भागिले वेग, हा आकडा ०.२ च्या आसपास येतो, झोत केवढाही असो. आमच्यासाठी ५.८ किलोहर्ट्झ. एक मीटर तोंडाच्या इंजिनाला तेच गणित ५८ हर्ट्झ देतं. आमचा झोत किंचाळतो, खरं इंजिन गुरगुरतं, पण जात एकच.

२८ ऑगस्ट

तीन नोझल तयार. साधं गोल पितळी, भोसरीत लेथवर काढून घेतलं. बाकीची दोन दातेरी, रेझिनमध्ये प्रिंट केलेली. दोन्हींना सहा-सहा त्रिकोणी दात. एकाचे दात ५ अंश आत झुकलेले, दुसऱ्याचे १८ अंश. नासाच्या ग्लेन संशोधन केंद्रात जेम्स ब्रिजेस आणि क्लिफर्ड ब्राउन यांनी २००४ साली याच धाटणीची नोझल्स तपासली होती. त्यांचं तोंड दोन इंचांचं, आमचं त्याच्या पाचव्या हिश्श्याचं. त्यांचा मुख्य निष्कर्ष: दाताची लांबी फारशी बोलत नाही, दात झोतात किती घुसतो ते बोलतं.

दात करतो काय, तर कडेवरून सरकणाऱ्या हवेला पीळ देतो. प्रत्येक दातामागे उलटसुलट फिरणारी भोवऱ्यांची जोडी निघते. ती बाहेरची हवा आत ओढते आणि झोत लवकर मिसळतो. मोठे, आळशी, खालच्या सुराचे भोवरे वाढायच्या आत त्यांची ताकद काढून घेतली जाते.

पितळी नोझलच्या कडेला बर, म्हणजे कापताना उरलेली धातूची बारीक धार, राहिली होती. नजरेला दिसत नव्हती, नखाला लागत होती. मी म्हटलं, चालेल. वर्कशॉपच्या मामांनी नोझल हातातून काढून घेतलं. "ताई, तुमचा सगळा प्रोजेक्ट त्या कडेवर आहे म्हणता, आणि कड अशी?" शून्य नंबरच्या पॉलिश पेपरने दहा मिनिटं घासून दिली. निमूटपणे चहा आणून दिला.

५ सप्टेंबर

मोजमापाची जागा: जुन्या फाउंड्री शेडचा कोपरा. भिंतीवरून परत येणारा आवाज मारायला रॉकवूल, फोम आणि हॉस्टेलमधून गोळा केलेल्या अकरा गोधड्या. एक माझ्या आजीने शिवलेली आहे, ती झोताच्या अगदी समोर टांगलीय. टाळी वाजवून पाहिलं, कोपरा चांगलाच मुका झालाय. खालच्या सुरांना गोधडी पुरत नाही, पण ५ किलोहर्ट्झला छान गिळते.

माइक झोताच्या तोंडापासून ६० सेंटिमीटरवर, दोन जागी: मागे वाहत्या झोताच्या अक्षाशी ३० अंशांत, आणि काटकोनात. ३० अंशांत सगळ्यात मोठा आवाज येतो.

परवा गणपती बसतात. मैदानात पथकाचा सराव रात्री साडेनऊपर्यंत. ढोल-ताशापुढे १० मिलिमीटरचा जेट म्हणजे काहीच नाही. विसर्जनापर्यंत मोजमाप बंद. आमच्यातला एक स्वतःच ताशा वाजवतो, त्यामुळे तक्रार कोणाकडे करायची?

२१ सप्टेंबर

गोल नोझलची पहिली खरी नोंद. शिखर ५.६ किलोहर्ट्झला. अपेक्षेच्या इतकं जवळ आलं की आधी शंकाच आली. दाब बदलत वेगाचे सहा टप्पे घेतले: काटकोनात घात ७.८, ३० अंशांत ९ च्या जवळ. मागच्या दिशेला जास्त येणं बरोबर आहे, कारण आवाज करणारे भोवरे स्वतःच त्या दिशेने धावत असतात. लाइटहिल फाउंड्री शेडमध्येही चालतो.

३० सप्टेंबर

१८ अंशी दातेरी नोझल लावलं. ३० अंशांत २.६ डेसिबल कमी! चारदा केलं, चारही वेळा अडीचच्या वर. मिसळ, एक्स्ट्रा पाव, सगळं झालं.

रात्री सरांना आलेख पाठवला. उत्तरात एकच ओळ: "आधी कुठलं नोझल चालवता?"

४ ऑक्टोबर

ही नोंद सविस्तर लिहिते, कारण इथे आम्ही पुरते फसलो होतो.

टाकी एकदा भरली की आधी गोल नोझल ४० सेकंद, मग व्हॉल्व्ह बंद, नोझल बदल, मग दातेरी ४० सेकंद. दरवेळी हाच क्रम. गोल नोझलला भरलेली टाकी मिळायची, दातेरीला अर्धी. दाब स्थिर ठेवणारा रेग्युलेटर आहे ना, मग काय फरक पडतो, असं आम्ही गृहीत धरलं होतं. पण टाकीतला दाब उतरला की हाच रेग्युलेटर एवढ्या प्रवाहाला थोडा कमी पडतो. गेज ० ते १० बारचं, एक घर ०.२ बारचं. त्यावर काटा हललेला दिसणार कसा? नोझलमागच्या डब्यावर डिजिटल सेन्सर बसवला तेव्हा दिसलं: पहिल्या पाळीत ०.६५, दुसऱ्या पाळीत ०.६१. एवढ्याशा फरकाने झोताचा वेग २९० वरून २८३ वर येतो. आठवा घात लावा: ०.९ डेसिबल.

शिवाय टाकी रिकामी होताना आतली हवा गार पडते. दुसरी पाळी सरासरी ८ अंशांनी थंड होती. थंड हवेत ध्वनीचा वेग कमी, म्हणून त्याच मॅकला झोताचा वेगही कमी. त्यातून अर्धा डेसिबल जातो, पण थंड झोत जास्त दाट असतो आणि दाटपणा उलट ओढतो, म्हणून निव्वळ पाव. एकूण १.१ डेसिबल आमच्या हलगर्जीपणाचे.

आज क्रम उलटा करून पाहिला. दातेरी आधी, गोल नंतर. फरक फक्त ०.४ डेसिबल. २.६ आणि ०.४ यांच्या मध्यावर १.५. दोन्हीकडून १.१ चंच अंतर, हिशेब चोख जुळला. आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. मिसळीचे पैसे मात्र गेले.

नवा नियम: प्रत्येक पाळी टाकी ९ बारवर असतानाच सुरू. दोन पाळ्यांमध्ये वीस मिनिटं विश्रांती. आधी कोण हे नाणं टाकून. दर सेकंदाला दाब आणि तापमान नोंदवायचं आणि मधलीच १५ सेकंदं मोजायची. एका संध्याकाळी आता सहाच पाळ्या होतात. मामा वैतागलेत, कॉम्प्रेसर बंद केल्याशिवाय त्यांना घरी जाता येत नाही.

१० ऑक्टोबर

नव्या नियमाने: १८ अंशी दात, ३० अंशांत १.५. ५ अंशी दात, ०.६. पुन्हा पुन्हा घेतलं तर आकडा ०.३ ने इकडे-तिकडे.

२२ ऑक्टोबर

एका प्रयोगशाळेने पाव इंची माइक तीन दिवसांसाठी उसना दिलाय. ७० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. आमची आतापर्यंतची इलेक्ट्रेट कॅप्सूल १८ च्या वर बहिरी होते. आम्ही म्हणायचो, बहिरी तर बहिरी, माणसालाही २० च्या पुढे कुठे ऐकू येतं!

हा युक्तिवाद साफ चुकीचा होता. आमचा झोत लहान आहे म्हणून त्याचा सगळा आवाज वरच्या पट्टीत सरकलेला. आमचे २५ किलोहर्ट्झ म्हणजे एक मीटरच्या इंजिनाचे २५० हर्ट्झ, जे कोणालाही ऐकू जातात. आणि नव्या माइकवर नेमकं तिथेच घडतंय: २५ किलोहर्ट्झच्या पुढे दातेरी नोझल गोल नोझलपेक्षा मोठ्याने वाजतंय. काटकोनात १८ अंशी दातांचा आवाज त्या पट्टीत अडीच डेसिबलने वर. ५ अंशी दातांचा पाऊण डेसिबलने.

म्हणजे दातांनी मोठे भोवरे मोडले, त्यांचे बारीक भोवरे झाले, आणि बारीक भोवरे वरच्या सुरात बोलायला लागले. आवाज एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला. आमच्या जुन्या माइकला फक्त पहिला खिसा दिसत होता.

शिवाय दोन्ही खिसे सारखे नाहीत. कानाच्या हिशेबाने, म्हणजे ए-वेटिंग लावलं की, ६३ हर्ट्झमधून २६ डेसिबल वजा होतात, २५० हर्ट्झमधून नऊसुद्धा नाहीत. खालचा सूर दीड-दोन डेसिबलने उतरवून वरचा अडीचने चढवला तर काटकोनात उभ्या माणसाला विमान उलट जास्त टोचेल. विमानांच्या प्रमाणपत्राचं ईपीएनडीबी हे मापही वरच्या सुरांना असंच झुकतं माप देतं.

आता कळतं की प्रवासी विमानांचे दात इतके सौम्य का असतात. बॉम्बार्डिअरच्या सीआरजे ९०० वर २००३ च्या सुमारास सीएफ३४ इंजिनाबरोबर ते प्रवासी सेवेत आले. मग ७८७ आणि ७४७-८ वर. आत झुकणं अगदी किरकोळ असतं. बोइंगने २००५ मध्ये ७७७-३००ईआर वर तापमानानुसार वाकणाऱ्या निकेल-टायटेनियमच्या पट्ट्या लावूनही उड्डाणं केली: टेकऑफला दात आत, वर गेल्यावर सरळ. कारण दात आत असले की थोडा रेटा खातात, आणि वर तासन्‌तास उडताना तो तोटा कोणालाच परवडत नाही. नव्या ७७७एक्स वर दात नाहीतच.

६ नोव्हेंबर

दिवाळी संपली. प्रोजेक्टमधला जोडीदार नागपूरहून विमानाने परतला. पुण्याचा विमानतळ हवाई दलाचा, फोटो काढायला बंदी. म्हणून त्याने बोर्डिंग पासच्या पाठीवर शेजारी उभ्या अकासाच्या ७३७ मॅक्सचं इंजिन पेनाने काढून आणलंय. दात मोजायला गेला, अकरापर्यंत आला आणि बस हलली. खाली टीप: "इंडिगोचं सपाट. आम्ही ज्यात बसलो ते." चित्र वहीत चिकटवलं.

१८ नोव्हेंबर

आज मजेचा दिवस. दाब वाढवून गेजवर १.९ बार. आतला दाब बाहेरच्या तिप्पट, झोत स्वनातीत. गोल नोझलमधून निघताना तो पूर्ण पसरलेला नसतो, म्हणून झोतात आघात-लहरींची साखळी बनते, साखळीच्या कड्यांसारखी. भोवरे त्या कड्यांवर आपटतात, आवाज होतो, तो उलटा नोझलच्या कडेपर्यंत येतो आणि तिथे नवा भोवरा जागा करतो. हे चक्र स्वतःलाच खाऊन मोठं होतं आणि एकच एक तीक्ष्ण शिट्टी ऐकू येते. ॲलन पॉवेल यांनी १९५३ साली हे उलगडलं. इंग्रजीत स्क्रीच म्हणतात, आणि शब्द अगदी रास्त आहे.

गणिताने १५.६ किलोहर्ट्झ येत होतं, माइकवर १५.३. कानावर मफ असूनही आम्ही तिघं मागे सरकलो. मामा मात्र मफ काढून शांत उभे. "सुं सुं येतंय, शिट्टी कुठाय?" मामा अठ्ठावन्न वर्षांचे, त्यातली चाळीस ग्राइंडर आणि लेथशेजारी. त्यांच्यासाठी तो सूर जगातून केव्हाच गेलेला. आम्ही त्यांना मफ परत घालायला लावले. ऐकू येत नाही म्हणून इजा होत नाही असं नसतं.

मग गंमत केली. गोल नोझलच्या कडेवर टाचणीचा दोन मिलिमीटर तुकडा एपॉक्सीने चिकटवला, टोक झोतात. शिट्टी गायब. आलेखावरचा सुळका कोणी खुडून न्यावा तसा. चक्र चालायला सगळ्या कडेवर भोवरे एका तालात उठावे लागतात. टाचणीने ताल मोडला. १९५२ मध्ये इंग्लंडातल्या क्रॅनफिल्डला वेस्टली आणि लिली यांनी अशाच छोट्या झोतावर दात बसवून पाहिले होते. दातेरी नोझलची सुरुवात अशा टेबलावरच्या प्रयोगांतूनच झाली, सत्तर वर्षांपूर्वी. ही शिट्टी नुसती कानाला त्रास नाही: व्हीसी-१० विमानाच्या शेपटाकडच्या भागाला तिच्यामुळे तडे गेले होते.

दोन्ही दातेरी नोझल्सनी शिट्टी पूर्ण मारली. इथे ५ अंशही पुरले.

९ डिसेंबर

रेटा मोजायला लोडसेल बसवली. गोल नोझल: साडेआठ न्यूटनच्या आतबाहेर. १८ अंशी दात तीन टक्क्यांनी कमी, मुख्यतः तोंड आकसल्यामुळे. तेवढी दुरुस्ती आवाजात ०.१३ डेसिबलची, केली. खऱ्या नोझलचा तोटा टक्क्याच्या अंशात असतो आणि तो आमच्या लोडसेलला दिसणार नाही. पुढे.

१६ जानेवारी २०२५

पाळी चालू असताना १८ अंशी नोझलचा एक दात तुटून उडाला. आजीच्या गोधडीत अडकलेला सापडला. चष्मे घातलेले होते म्हणून इथे विनोद करता येतोय. रेझिन वारंवार गार-गरम होऊन ठिसूळ झालं असावं, दाताच्या बुंध्याशी रेषा दिसत होती. आता दर पाच पाळ्यांनी भिंग घेऊन बुंधे पाहायचे.

तरी पाच दातांचं नोझल फेकायच्या आधी मोजलं. नोझल ६०-६० अंशांनी फिरवत गेलो, गाळलेली जागा माइकसमोर, मग बाजूला, मग पाठीमागे. फरक ०.३ डेसिबल, म्हणजे आमच्याच चुकीएवढा. दावा करत नाही. पण बोइंगच्या २००५ च्या चाचण्यांत दात मुद्दाम असमान होते, पंखाला जोडणाऱ्या खांबाजवळ मोठे आणि खाली लहान, हे वाचल्यापासून डोक्यात होतं. पुढच्या बॅचला धातूत कापून घ्यायला सांगणार.

२१ फेब्रुवारी

तोंडी परीक्षा शेडमध्येच घेतली, सरांचा हट्ट. बाहेरचे परीक्षक खुर्चीत, मागे गोधड्या. अहवालात आम्ही चार आकडे दिलेत: ३० अंशांत १.५ खाली, तिथेच सौम्य दातांनी ०.६ खाली, काटकोनात २५ किलोहर्ट्झच्या पुढे अडीच वर, सौम्य दातांनी पाऊण वर. परीक्षकांना एकच हवा होता. "पण एकूण आवाज कमी झाला की वाढला? एका आकड्यात सांगा."

मी सुरुवात केली, "सर, ऐकणारा कुठे उभा आहे..." आणि लोहगावच्या बाजूने सुखोई उठलं. पत्रा थरथरला. परीक्षक ओठ हलवत होते, काही कळत नव्हतं. मामांनी वर न पाहता टाकीचा ड्रेन उघडून साठलेलं पाणी काढायला घेतलं. दहा-बारा सेकंदांनी शांत झालं.

परीक्षक म्हणाले, "हां, तर काय म्हणत होतात? कुठे उभा आहे?"